आधी गल्ला मोजा, मग खातं उघडा

वाचकाचं पत्र: मी रेडिंगला राहते. तीन वर्षांपासून घरून डबे देते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. बरोबर एक मैत्रीण असते, खर्च आणि नफा दोघींत निम्मा-निम्मा. महिन्याला साधारण अडीच हजार पौंड येतात, दिवाळीच्या महिन्यात त्याच्या तिप्पट. त्यातले तिसरा हिस्सा पैसे रोख असतात, कारण आम्ही कार्यक्रमांना स्टॉल लावतो. आजवर सगळं माझ्या घरगुती खात्यात येत होतं. आता बँकेनं कळवलंय की हे खातं धंद्यासाठी वापरता येणार नाही, दोन महिन्यांत दुसरी सोय करा. ग्रुपवर विचारलं तर कुणी स्टारलिंग सांगतं, कुणी मोन्झो, कुणी टाइड. दीर म्हणतात रेव्होल्यूट घे. शाखेत खेपा घालायला मला वेळ नाही, सगळं फोनवर हवं. ताई, एकच नाव सांगा.

नाव सांगते. पण तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की तिच्यापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही: ‘खर्च आणि नफा दोघींत निम्मा-निम्मा.’

दोन माणसं नफ्यासाठी मिळून धंदा करत असली की इंग्लंडच्या कायद्याच्या नजरेत ती भागीदारी होते. कागद केलेला नसला तरी. हा कायदा १८९० चा आहे आणि आजही चालू आहे. म्हणजे तुम्ही स्वतःला एकटीनं धंदा करणारी, इथल्या भाषेत सोल ट्रेडर, समजत असाल, पण तुमचा व्यवहार भागीदारीचा आहे. आणि अडचण अशी की अ‍ॅपवाल्या बँका नेमक्या इथे दार लावून घेतात. मोन्झोचं धंद्याचं खातं सोल ट्रेडरला मिळतं आणि लिमिटेड कंपनीला मिळतं. स्टारलिंगचंही साध्या भागीदारीला मिळत नाही. मग बायका काय करतात, तर अर्जात ‘सोल ट्रेडर’वर टिचकी मारतात आणि निम्मा नफा दर महिन्याला मैत्रिणीला पाठवत राहतात. बँकेला दिसतं ते असं: लोकांकडून छोट्या रकमा गोळा होतात आणि महिनाअखेर एका व्यक्तीकडे मोठी रक्कम जाते. तुमच्यासाठी हा फराळाचा हिशोब आहे, पण तिथल्या यंत्रणेला तो दुसऱ्याच कशासारखा वाटू शकतो. शिवाय करखात्याकडे दोघींनी काय भरलं आणि खात्यात काय दिसतं, ते जुळत नाही.

तेव्हा आधी मैत्रिणीशी बसून ठरवा. धंदा तुमच्या नावावर आणि ती तिच्या कामाचं बिल तुम्हाला देणार, म्हणजे तीही स्वतंत्र सोल ट्रेडर, हा एक मार्ग. पण तो खराखुरा असला पाहिजे. नफा-तोटा तुमचा आणि तिला कामाचे ठरलेले पैसे. दोघींना खरोखर समान मालक राहायचं असेल तर लिमिटेड कंपनी काढा आणि दोघी संचालक व्हा. मग खातं कंपनीच्या नावावर उघडतं. तिसरा मार्ग म्हणजे भागीदारी रीतसर करखात्याकडे नोंदवायची आणि भागीदारीचं खातं देणाऱ्या एखाद्या जुन्या बँकेत जायचं. मग तुम्हाला नको असलेल्या शाखेच्या खेपा थोड्या कराव्या लागतील. तुमच्या उलाढालीला मला पहिला मार्ग सोपा वाटतो, पण तो मैत्रिणीच्या मनाविरुद्ध लादू नका. आणि ती विद्यार्थी व्हिसावर असेल तर तिला इथे स्वतःचा धंदा करताच येत नाही, हेही आत्ताच विचारून घ्या.

आता धंदा तुमच्या एकटीच्या नावावर आहे असं धरून पुढे बोलते.

ग्रुपवरचा प्रत्येक जण आपल्या अनुभवाचं खरंच सांगत असतो. पण वेबसाइट करणाऱ्याला टाइड आवडतं, कारण त्याच्याकडे महिन्याला चार पेमेंटं येतात. तुमच्याकडे किती येतात? अडीच हजारांतले सोळा-सतराशे पौंड ट्रान्सफरनं येतात. एक ऑर्डर सरासरी बारा पौंडांची धरली तर महिन्याला एकशेचाळीस ट्रान्सफर झाल्या. टाइडच्या बिनभाड्याच्या खात्यात प्रत्येक ट्रान्सफरला, येणाऱ्यासुद्धा, वीस पेन्स पडतात. म्हणजे अठ्ठावीस पौंड. ‘फुकट’ खात्याचं हे तुमच्यापुरतं भाडं. स्टारलिंगला महिन्याची फी नाही आणि देशातल्या साध्या ट्रान्सफरला आकार नाही. मोन्झोच्या लाइट खात्याचंही तसंच.

मग रोख. इथे तुमचा निर्णय खरा होतो, कारण अ‍ॅपवाल्या बँकेला काउंटर नाही. नोटा दुसऱ्या कुणाच्या तरी खिडकीतून आत जाव्या लागतात. मोन्झोत तुम्ही पेपॉइंटची पिवळी पाटी असलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे भरू शकता. एका वेळी एक पौंड आकार, ऐकायला छान. पण एका वेळी तीनशे पौंडांपर्यंतच, आणि सहा महिन्यांत मिळून फक्त एक हजार. तुमची रोकड महिन्याला आठशे-साडेआठशे आहे. म्हणजे पाच आठवड्यांत ती वाट बंद, आणि पुढे दिवाळी. स्टारलिंगचे पैसे पोस्टात भरता येतात; आकार ०.७ टक्के, पण कमीत कमी तीन पौंड. दर शनिवारी दोनशे पौंड भरायला गेलात तर महिन्याला बारा पौंड जातील. तेच पंधरा दिवसांनी चारशे भरले तर सहा पौंड. दिवाळीत अडीच हजार रोख एकदम भरली तर साडेसतरा. टाइडचेही पोस्टात भरता येतात, पाचशेपर्यंत अडीच पौंड. हे दर मी लिहिताना माहीत असलेले आहेत आणि बँका ते बदलतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी ताजं दरपत्रक उघडून हाच हिशोब पुन्हा मांडा. पाच मिनिटं लागतील.

स्टॉलवर कार्डाचं छोटं मशीन ठेवा असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ठेवा, तरुण गिऱ्हाईक रोख बाळगत नाही. पण समअपसारख्या मशीनला १.६९ टक्के द्यावे लागतात, म्हणजे तुमच्यासाठी पंधरा दिवसांची साठवलेली रोख कार्डापेक्षा स्वस्त पडते. रोख देणाऱ्या आजीआजोबांना तुम्ही अजिबात परतवू नका. त्याच रोखीतून किराणा आणलात तरी चालतं, फक्त विक्री आधी पूर्ण लिहायची आणि खर्च नंतर लिहायचा. गल्ल्यातून थेट बेसन-तुपाकडे गेलेला पैसा वहीत आला नाही तर विक्रीही लपते आणि खर्चही, आणि दोन्हीत नुकसान तुमचंच.

दिरांच्या सूचनेबद्दल थोडक्यात: परदेशी चलनात खरेदी-विक्री असेल तर रेव्होल्यूट किंवा वाइज यांचा खरा उपयोग. तुमचं गिऱ्हाईक रेडिंग, स्लाव आणि फार तर हाउन्स्लोचं. पुण्याहून साचे नि पितळी झारे मागवायचे असतील तर त्या एका कामासाठी वाइज ठेवा. गल्ला तिथे ठेवू नका.

का ठेवू नका, ते सांगते, कारण या मुद्द्यावर माझा जीव तुटतो. फोनवर सगळी अ‍ॅपं सारखीच दिसतात: रंगीत कार्ड, वर शिल्लक, खाली यादी. पण त्यांतल्या काही खऱ्याखुऱ्या बँका आहेत आणि काही ई-मनी कंपन्या. स्टारलिंगला बँकेचा परवाना २०१६ मध्ये मिळाला. मोन्झोला पूर्ण परवाना २०१७ मध्ये. अशी बँक बुडाली तर सरकारी ठेव-संरक्षण योजना, एफएससीएस, माणशी आणि बँकेमागे १,२०,००० पौंडांपर्यंत पैसे परत देते. १ डिसेंबर २०२५ पूर्वी ही मर्यादा ८५,००० होती. वाइज ही ई-मनी कंपनी आहे. अशा कंपनीनं ग्राहकांचा पैसा वेगळा जपून ठेवायचा असतो, पण कंपनी बुडाली तर एफएससीएसचं संरक्षण लागू होत नाही. पैसे परत यायला वेळ लागतो आणि दिवाळखोरी निस्तरण्याचा खर्च त्यातूनच कापला जाऊ शकतो. टाइड स्वतः बँक नाही, पण तिची बँक खाती क्लिअरबँक या परवानाधारक बँकेत असतात. म्हणून टाइड घेणाऱ्यानं आपलं खातं नेमकं कुठलं आहे ते अटींमध्ये वाचायचंच.

२०२० च्या जूनमध्ये जर्मनीची वायरकार्ड कंपनी कोसळली. तिच्या इथल्या शाखा-कंपनीवर कितीतरी अ‍ॅपं चालत होती. शुक्रवारी, २६ जूनला नियामकानं तिचं काम थांबवलं आणि अ‍ॅना, पॉकिट अशा अ‍ॅपांची कार्डं बंद पडली. ३० तारखेला बंदी उठली, पैसे बुडाले नाहीत. पण शुक्रवार ते मंगळवार लोकांना आपल्याच पैशानं दूध-पाव घेता आला नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांनी वायरकार्डचं नाव त्या दिवसापर्यंत ऐकलेलंही नव्हतं.

एक बारकावा तुमच्यासाठी: सोल ट्रेडर आणि तुम्ही कायद्यानं एकच माणूस. म्हणून त्याच बँकेत घरचं खातं आणि धंद्याचं खातं असलं तरी १,२०,००० ची मर्यादा दोन्ही मिळून एकदाच. लिमिटेड कंपनी केलीत तर तिची मर्यादा वेगळी. तुमच्या रकमेला आज याचा फरक पडणार नाही, पण घर घ्यायला साठवलेले पैसे त्याच बँकेत असतील तर पडेल.

आता खातं गोठण्याबद्दल. एका नवरात्रात मी स्वतः यातून गेले आहे. तेव्हा मी साड्या विकायचे. कोणत्या कंपनीकडे खातं होतं ते इथे महत्त्वाचं नाही. आठ दिवसांत साठेक बायकांनी पैसे पाठवले, एरवीच्या चौपट. नवव्या दिवशी सकाळी अ‍ॅप उघडलं तर ‘तपासणी चालू आहे’ एवढीच ओळ. फोन नंबर नव्हता. चॅटवर दर वेळी नवा माणूस यायचा आणि तेच वाक्य लिहायचा. सुरतेच्या व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे राहिले, आणि ज्या बायकांनी पैसे भरले होते त्यांना मी काय सांगू तेच कळेना. अकरा दिवसांनी खातं जसं बंद झालं होतं तसंच उघडलं. कारण कुणी सांगितलं नाही.

ते सांगत का नाहीत, हे मला नंतर समजलं. २००२ च्या कायद्याप्रमाणे बँकेला पैशाबद्दल संशय आला तर तिनं तो राष्ट्रीय गुन्हे यंत्रणेला कळवायचा असतो, आणि ग्राहकाला त्याची कुणकुण लागू देणं हा गुन्हा आहे. म्हणजे चॅटवरच्या मुलाला माहीत असलं तरी तो बोलू शकत नाही. त्यात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्टारलिंगला ग्राहकांची छाननी ढिली ठेवल्याबद्दल जवळपास दोन कोटी नव्वद लाख पौंडांचा दंड झाला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये मोन्झोला दोन कोटी अकरा लाखांचा. मोन्झोच्या प्रकरणात लोकांनी बकिंगहॅम पॅलेसचा पत्ता दिला तरी खाती उघडली गेली होती. एवढा मार बसल्यावर या बँका आता जास्त कडक वागणार, असं मी धरून चालते. तुम्हीही धरून चाला.

म्हणून अर्जात उलाढाल कमी करून सांगू नका. ‘महिन्याला अडीच हजार, दिवाळीच्या महिन्यात साडेसात हजार, तिसरा हिस्सा रोख’ असंच लिहा. घरून खाद्यपदार्थ विकण्यासाठी काउन्सिलकडे केलेली नोंदणी, स्वच्छतेचं रेटिंग, ऑर्डरींची वही हे सगळं फोनमध्ये एका फोल्डरात ठेवा. काउन्सिलची नोंदणी फुकट असते आणि धंदा सुरू होण्याच्या २८ दिवस आधी करायची असते. तुमची राहिली असेल तर याच आठवड्यात करा. ऑक्टोबर लागला की अ‍ॅपच्या चॅटवर स्वतःहून एक संदेश टाका की दिवाळीमुळे पैसे वाढतील. गिऱ्हाइकांना सांगा की संदर्भाच्या रकान्यात फक्त ऑर्डर नंबर लिहायचा. आणि खात्यावरचं तुमचं नाव अक्षरशः जसं आहे तसं त्यांना कळवा. पैसे पाठवताना बँक नाव जुळतंय का ते तपासते. त्यांनी तुमच्या फराळाचं नाव टाकलं आणि खातं तुमच्या नावावर असलं की ‘नाव जुळत नाही’ असा इशारा येतो आणि नवं गिऱ्हाईक घाबरून थांबतं.

सगळ्यात महत्त्वाचं: दुसरं खातं. दुसऱ्या बँकेत, त्याच बँकेत नव्हे. त्यात एका महिन्याच्या किराण्याचे आणि डब्यांचे पैसे कायम पडून राहू द्या. आपल्या आज्या तांदळाच्या डब्यात नोटा ठेवायच्या आणि डाळीच्या डब्यातही ठेवायच्या. एका डब्याला हात लागला तर घर दुसऱ्यावर चालायचं.

तेव्हा नाव: तुमच्यासाठी स्टारलिंग मुख्य खातं. खरी बँक, ट्रान्सफरला आकार नाही, रोख पोस्टात भरता येते. जोडीला मोन्झोचं लाइट खातं, राखीव. उद्या रोख बंद होऊन सगळं ट्रान्सफरवर आलं तर मी कदाचित उलट सांगेन, कारण मोन्झोच्या नऊ पौंडवाल्या प्रो खात्यात आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा भाग आपोआप बाजूला पडतो, आणि ती सोय मला मनापासून आवडते. स्टारलिंगमध्ये तेच काम ‘स्पेस’ नावाच्या कप्प्यांत करता येतं. दर रविवारी आठवड्याच्या नफ्याचा पाचवा हिस्सा तिकडे सरकवा. नवऱ्याच्या पगारावर त्याचा कर कापला जातो म्हणून तुमचा सुटतो असं नाही. तुमचं रिटर्न वेगळं आणि ३१ जानेवारीची तारीखही तुमची.

आणखी एक हिशोब तुमच्या आकड्यांवरूनच निघतो. अकरा महिने अडीच हजार आणि एक महिना साडेसात हजार म्हणजे वर्षाला पस्तीस हजार. एप्रिल २०२७ पासून, धंद्याची आणि घरभाड्याची मिळून ढोबळ आवक तीस हजारांच्या वर असलेल्या सोल ट्रेडरना दर तीन महिन्यांनी सॉफ्टवेअरमधून करखात्याला आकडे पाठवावे लागणार आहेत. नफा नाही, आवक. म्हणजे तुम्ही त्यात येता. म्हणून खातं निवडताना ते हिशोबाच्या सॉफ्टवेअरला जोडता येतं का हे आत्ताच पाहून घ्या, नाहीतर जवळपास दोन हजार नोंदी हातानं भरत बसाल.

जुन्या खात्याबद्दल एक चूक होण्याआधी सांगते. कामकाजाच्या सात दिवसांत खातं बदलून देणारी सेवा आहे. ती वापरू नका. त्यात जुनं खातं बंद होतं, आणि तुमच्या घरगुती खात्यावर घरभाडं, वीज, मुलांचे क्लास सगळं लागलेलं असणार. नुसतं नवं खातं उघडा, गिऱ्हाइकांना नवा नंबर कळवा, आणि बँकेनं दिलेले दोन महिने संपायच्या आत जुन्या खात्यातली धंद्याची शेवटची रक्कम काढून घ्या. नंबर बदलल्याचा निरोप ग्रुपवर टाकण्याबरोबर नेहमीच्या दहा-बारा घरांना फोनही करा. ‘आमचा नंबर बदलला’ अशा संदेशांनी इथे फसवणूक फार होते, आणि शहाणं गिऱ्हाईक तुमचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे पाठवणार नाही.

बँकेशी कधी बिनसलंच तर लेखी तक्रार करा आणि तारीख लिहून ठेवा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाता येतं, तुमच्यासारख्या छोट्या धंद्यालाही, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी डबे गेले की मैत्रिणीला घरी बोलवा आणि धंदा कुणाच्या नावावर ते ठरवा. तीन वर्षं तिनं तुमच्याबरोबर पहाटे उठून चकल्या पाडल्या आहेत, तेव्हा हे तिला व्हॉट्सअ‍ॅपवर कळता कामा नये. ठरलं की पासपोर्ट समोर ठेवून अर्ज भरा.